सीतादहीचं गाठोडं

"नाच पोट्टे, तुडव कापूस!" मुकादम ओरडला. मी नाचले नाही. माझ्या पायाखाली माझा भाऊ होता.

तो पाच महिन्यांचा होता. मायनं त्याला पोटभर पाजून, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रकच्या हौद्यात निजवलं होतं आणि वर मोकळा कापूस पसरला होता. मुकादमाला वाटत होतं की पोरगं मावशीजवळ मागं राहिलंय. मावशी तिकडे खळ्याच्या कडेला बाभळीला झोळी बांधून हलवत बसली होती. झोळीत भोपळा होता.

ज्यांनी कापूस फक्त अंगावर घातलाय त्यांना सांगायला हवं, कापूस म्हणजे निम्मा वारा. गाडी भरताना तो तुडवावा लागतो, नाहीतर मावत नाही. हे काम पोरांचं. पोरांचं वजन बेताचं, पाय लहान, आणि त्यांना तो खेळ वाटतो. इतर वर्षी मलाही वाटायचा. गुडघ्यापर्यंत पांढऱ्यात बुडायचं, पडायचं, पडलं तरी लागत नाही. वर आभाळ, खाली आभाळ.

मायचा हिशेब एका जागी चुकला. तिनं जन्मभर कापूस वेचला होता, पण ट्रक कधी भरला नव्हता. बैलगाडीत वरचा थर कोणी तुडवत नाही, त्यावर माणसं बसतात. म्हणून तिनं त्याला वरच्या थरात ठेवलं. शेजारच्या वावरातली गाठोडी अजून यायची होती आणि ती याच ट्रकमध्ये कोंबायची होती, हे तिला ठाऊक नव्हतं. ती आता खाली उभी होती, एका हातानं ट्रकची फळी धरून. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. पुसलेल्या पाटीसारखं तोंड.

"काहून थांबली व?" मुकादम म्हणाला. "पायात काटा गेला का?"

"इथं सीतादहीचं गाठोडं हाये," मी म्हणाले. "पाय लावता येत नाई."

कुठून सुचलं ते विचारू नका. मी नऊ-दहा वर्षांची होते. वऱ्हाडात पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया वावरात दहीभात ठेवतात, पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हळदकुंकू लावतात, मग कापसाला हात घालतात. ती सीतादही. आमच्याकडे त्या पहिल्या वेचणीतला मूठभर कापूस बाजूला काढून ठेवायची रीत होती. मूठभर. गाठोडं नाही.

"कोणत्या जागी?"

मी हातानं गोल करून दाखवला.

"अवं, मूठभर असते सीतादही. तू तं बोकडाएवढी जागा दाखवून राह्यली!"

सगळे हसले. मी हसले नाही. तेव्हा सरूबाई बोलली. ती आमच्याबरोबर मालकाच्या नव्या जमिनीवर यायची होती, तोंडानं फाटकी बाई, मुकादमालाही भीत नसे. ती म्हणाली, "मोठं वावर, मोठी देवी. नवी जमीन हाये, मुकादम. मूठभरानं काय होते?"

"पाय लागला तं बोंडात अळी पडते," दुसरी म्हणाली.

"माह्या माहेरी एकानं लावला होता," सरूबाई म्हणाली. "त्याचा पाय सुजून असा खांबाएवढा झाला. मेला मंग."

सरूबाईला माहेरच नव्हतं. ती मालकाच्या गोठ्यात वाढलेली. पण त्या दिवशी प्रत्येक बाईकडे सीतादहीचा एक नवा नियम होता, आणि एकीचा नियम दुसरी लगेच मान्य करत होती. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा मायकडे पाहिलं होतं, एकदा बाभळीच्या झोळीकडे, तेवढं पुरलं.

मुकादम माणसांना मारायचा, पण अळीला भ्यायचा. नव्या जमिनीवर पहिल्याच साली अळी पडली असती तर मालकानं त्यालाच धरलं असतं. त्यानं चपला काढल्या, माझ्या पायापुढच्या कापसाला हात जोडले आणि म्हणाला, "बरं बापा. तेवढं सोडून तुडव."

मग मी नाचले. माझ्या भावाच्या भोवती, गोल गोल. तो मध्ये.

ट्रक सुटला. मावशी उठली नाही. ती झोळी हलवत राहिली, आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत. ती काहीतरी गुणगुणत होती. भोपळ्यासाठी अंगाई. ते चित्र मला इथं, बहारीनमध्ये, दुपारी जेवून लवंडलं की दिसतं. बुसैतीनच्या घरात खिडक्या बंद, ए.सी.चा एकसुरी आवाज, पडद्यातून पिवळट उजेड, आणि डोळा लागता लागता मावशी झोळी हलवते. कधी कधी झोळीत भोपळा नसतो, मी असते.

ट्रक नदीपर्यंत पोचायला वेळ आहे. तोवर आम्ही का निघालो ते सांगते.

माझा बाप मालकाचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षभराची चाकरी, गुढीपाडव्याला ठरायची आणि पुढच्या पाडव्याला संपायची. संपायची म्हणजे बोलण्यापुरती. घेतलेली उचल फिटत नाही म्हणून साल पुन्हा बांधलं जायचं, आणि बाप बांधला की बायको-लेकरं वेचणीला आपोआप आली. मालकाची जमीन काळी, चांगली होती, पण ती वर्षानुवर्षं कापूसच देत आली होती. कापूस जमीन ओढतो. बोंडं लहान पडू लागली. मग मालकानं मावळतीकडे, तापीच्या अंगाला, जंगल तोडून काढलेली नवी जमीन घेतली. जमीन विकत मिळते, तिच्यावर राबणारे हात तिथं उगवत नाहीत. ते इकडून न्यायचे. बाप आधीच गेला होता, खुंट उपटायला. आता वेचणाऱ्या बायांची पाळी. कापूस नदीपलीकडच्या बाजाराला जाणारच होता, त्याच ट्रकवर आम्हाला बसवलं.

माय गावातली सगळ्यात चांगली वेचणारी होती. दोन्ही हातांनी वेचायची, पाचोळा येऊ द्यायची नाही. मला शिकवताना एकच गोष्ट सांगायची: "डोळ्यानं नको पाहू, बोटानं पाय." पाय म्हणजे पाहा. म्हणून तिला नेणार हे ठरलेलं होतं. मला नेणार, कारण माझी बोटं बारीक होती. भावाला नेणार नव्हते. मालक ओट्यावर बसून सुपारी कातरत म्हणाला होता, "लेकरू कडेवर असलं की बाई निम्मी वेचते." आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. जसं आपण म्हणतो की ओल्या लाकडानं चूल पेटत नाही. पोरगं मावशीजवळ राहील, दूध बकरीचं मिळेल, जगलं तर पुढं पाठवू.

हे सगळं मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. पण मागच्या हिवाळ्यात माझी नात ईशा शाळेतून एक प्रोजेक्ट घेऊन आली. ईशा माझ्या मुलाची मुलगी, तेरा वर्षांची. तिची आई सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, शिफ्टला जाते, म्हणून पोरगी माझ्या हाताखाली वाढली. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आमचं भांडणसुद्धा असंच चालतं आणि कोणाचं अडत नाही.

तिनं जमिनीवर मोठा कागद पसरला. अमेरिकेचा नकाशा. त्यावर ती लाल बाण काढत होती, सगळे उजवीकडून डावीकडे.

"हे काय?" मी विचारलं.

"कॉटन, आजी. दे टूक द स्लेव्ह्ज वेस्ट."

मग ती मोडक्या मराठीत सांगू लागली. समुद्राकाठची जुनी जमीन थकली. आधी तंबाखू होता, मग कापूस आला. सरकी काढायचं मशीन निघालं.

"मशीन आलं तर काम कमी व्हायला पाहिजे," मी म्हणाले.

"नो, आजी! मशीन इज फास्ट. पिकिंग इज स्लो. सो दे नीड मोअर हँड्स." आणि तिनं आपली दहा बोटं माझ्यापुढे नाचवली.

मी स्वयंपाकघरात जायला उठले होते, ती परत बसले. आमच्या तालुक्याला तसल्याच मशीनची जीन होती. तिच्या धुराड्याचा धूर आमच्या वावरातून दिसायचा. तिथं एका दिवसात एवढी सरकी निघायची की हाती रेचा फिरवणाऱ्या बाया हंगामभरात काढू शकल्या नसत्या. पण बोंडातून कापूस काढायला मशीन नव्हतं. तिथं मायची बोटंच. जीन जितकी खाईल तितकं मालक पेरणार, आणि जितकं पेरणार तितकी बोटं लागणार. मालक निर्दय होता म्हणून माझा भाऊ मागं राहणार होता असं मी जन्मभर धरून चालले होते. तसा तो नव्हता. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं आम्हाला पोटभर जेवू घातलं होतं. जीन लांबून धूर सोडत होती आणि मालक तिच्या पोटाचं बघत होता. हे मला एका शाळकरी पोरीनं सांगितलं, फरशीवर बसून, स्केचपेननं.

"मग त्यांची लहान लेकरं कुठं गेली?" मी विचारलं.

ईशानं पान उलटलं. पुस्तकात पाहिलं. मग म्हणाली, काहींना विकलं. काही आया चालत गेल्या, लेकरं मागं. चालत, आजी. मंथ्स.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजी, वेअर यू अ स्लेव्ह?"

"नाही," मी म्हणाले. "आम्हाला कोणी विकलं नाही. साखळी घातली नाही. आम्हाला ट्रकमध्ये बसवून नेलं."

हे खरं आहे आणि दोन्हीत फरक आहे, तो मी तिला नीट समजावला. त्या लोकांचं दुःख आपल्या अंगावर ओढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण मी तिच्या नकाशावरच्या बाणांकडे बघत राहिले आणि मला वाटलं, यातल्या एखाद्या बाणात कुठंतरी एक बाई असेल, कापसात काहीतरी लपवून निघालेली. तिला सरूबाई भेटली असेल का, कोण जाणे.

आता ट्रककडे येते.

आम्ही कापसावर बसलो होतो, मुकादम माझ्यासमोर, पाठ केबिनला टेकून. मी त्या गोल जागेजवळ पालथी पडले होते, झोप आल्यासारखी. माझा उजवा हात खांद्यापर्यंत कापसात होता. मायनं तेवढंच सांगितलं होतं, चढता चढता, ओठ न हलवता: हात काढू नको. हातानं वाट राहील, वाटेनं वारा जाईल.

बोटांना त्याचा पाय सापडला. डावा. लोण्याचा गोळा असतो तसा. मी अंगठा त्याच्या तळव्यावर ठेवला. तो पाय आखडायचा, परत सोडायचा. आखडायचा, सोडायचा. तो रडला असेल तर मला माहीत नाही. कापसात आवाज मरतो. ट्रक चालला होता, धूळ उडत होती, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या, कुठं कुठं एखादं राहिलेलं पांढरं बोंड. मला सगळं लांबून दिसत होतं, जसं मी वरून, एखाद्या घारीसारखी बघतेय. सगळं हळू. मुकादम बिडी ओढत होता, त्याचा धूर वर जाऊन तिथंच थांबला होता. माय माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या चोळीवर दोन ओले डाग पडले होते, दुधाचे. तिनं पदर ओढून घेतला.

मायचं गणित असं होतं. नदी ओलांडेपर्यंत पोरगं लपवायचं. नदीपलीकडे सापडलं तर सापडू दे. एका तान्ह्या पोरासाठी मुकादम ट्रक मागं फिरवणार नाही आणि त्याला परत पोचवायला एक वेचणारी बाईही दवडणार नाही. मालकाचंच गणित, तिनं ते उलटं धरलं होतं.

मग पाय आखडायचा थांबला.

मी तळव्याला नख लावलं. काही नाही. चिमटा काढला. पाय माझ्या हातात होता, नुसता. मी मायकडे बघितलं. आता ती माझ्याकडेच बघत होती. मी काय करायला हवं होतं? ओरडले असते तर ट्रक थांबला असता आणि आम्ही नदीच्या अलीकडे होतो. ओरडले नसते तर... माझं तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. आवाज आला नाही. मला वाटलं माझ्याही तोंडात कापूस आहे.

माय हलली. तिनं सरूबाईच्या पायाला हात लावला, इतकंच. सरूबाई तिथल्या तिथं आडवी झाली आणि गुरासारखी ओरडली, "माय वं! पोटात कळ आली! थांबवा, बापा, मेली मी!"

मुकादम म्हणाला, "नदीवर थांबू."

"नदीपर्यंत मढं होईन माहं. पहिला मुडदा तुह्या नव्या जमिनीले!"

तो घाबरला नाही, वैतागला. केबिनवर मूठ आपटून त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, "पळव." म्हणजे तिनं ट्रक थांबवला नाही. पळवला. नंतर कळलं, तिला तेच करायचं होतं. ट्रक थांबला असता तर सगळे उतरले असते, आणि सगळं अलीकडेच झालं असतं. ड्रायव्हरनं अशी पिटाळली की आम्ही खड्ड्याखड्ड्याला उडत होतो. पूर्णेची फरशी, पाण्यालगतचा बुटका पूल, आली, चाकाखाली पाणी फाकलं, थेंब अंगावर आले. ट्रक पलीकडच्या चढावर जाऊन थांबला. मुकादम सरूबाईला उतरवायला वळला तशी मायनं दोन्ही हात कापसात घातले.

तो बाहेर आला तेव्हा पांढरा होता. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकात तंतू. ओठ मात्र जांभळे. माय त्याच्याकडे बघतही नव्हती, डोळे मिटून तिनं करंगळी त्याच्या घशात घातली. बोटानं पाय. एक ओला बोळा निघाला. दुसरा निघाला. तिनं त्याला पालथा केला, पाठीवर चापट मारली. आजूबाजूला नदीचा आवाज, आणि त्यात काहीच नाही. दुसरी चापट मारली.

तो शिंकला.

एवढीशी शिंक. मग रडला, आणि रडताना सगळं आटोपलं, जे पोरं करतात ते.

मुकादम फळीला धरून उभा होता. त्यानं पोराकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, मग त्या कापसाकडे, जिथं त्यानं चपला काढून हात जोडले होते.

"तुह्या सीतादहीनं तं हागून ठेवलं व," तो म्हणाला.

कोणी हसायची हिंमत केली नाही. सरूबाई खाली रस्त्यावर आडवी पडली होती, ती पहिल्यांदा हसली. मग सगळे. मुकादमसुद्धा, थोडा. मग त्यानं मायच्या कानशिलात एक ठेवून दिली, कारण ते त्याचं कामच होतं, आणि घाण झालेला तेवढा कापूस बाजूला काढायला लावला. मागं फिरायचं नाव काढलं नाही. मायचं गणित बरोबर होतं.

तो बाजूला काढलेला कापूस मायनं नदीत धुतला, नव्या गावी वाळवला आणि त्याची पोराला उशी केली. ती उशी जपून ठेवली असेल असं तुम्हाला वाटत असेल. उंदरांनी खाल्ली.

पोराला मुकादमानंच नाव पाडलं, बोंडू. ते राहिलं.

नव्या जमिनीवर कापूस माणसाच्या छातीएवढा झाला. आम्ही तिथं खूप वर्षं राहिलो. बाप तिथंच तापानं गेला. माय तिथंच म्हातारी झाली, बोटं वाकडी होऊन. मी वेचता वेचता चौथीपर्यंत शाळा रेटली, पुढं लग्न, पुढं विधवा, हे सगळ्यांचं असतं तसं. मग मालकाच्या मुलानं ट्रॅक्टर आणला, सालदार ठेवणं परवडेना, आणि ज्यांना नदीपलीकडून उचलून आणलं होतं त्यांना 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून सोडलं. कोणाला आनंद झाला नाही. बोंडू ट्रॅक्टरखाली पडून पडून त्याची दुरुस्ती शिकला होता. त्या हातावर तो मुंबईला गेला आणि तिथून बहारीनला. पुन्हा मावळतीकडेच. नंतर त्यानं माझ्या मुलाला बोलावलं, मुलानं मला.

विमानतळावरून घरी येताना रस्त्यावर पांढरे पायघोळ थोब घातलेले पुरुष उन्हात लांबवर चालत होते, आणि मला क्षणभर वाटलं, बोंडं फुटलीत. वाळूवर, पाण्याशिवाय. दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या लाँड्रीत जाऊन कपड्याला बोट लावून पाहिलं. पॉलिएस्टर. लाँड्रीवाला केरळचा होता, म्हणाला, "अम्मा, कॉटन मफी. कॉटन को इस्त्री जास्ती लगता." मफी म्हणजे इकडे नाही. तेव्हापासून मला हा देश बरा वाटू लागला.

तुम्ही गावाकडून फोन करता आणि विचारता, तिकडे करमतं का. जे माझ्यासारखे इकडे आलेत तेही विचारतात, घराची आठवण येते का. मी खोटं बोलत नाही. वावराची येत नाही. ते वावर आमचं नव्हतं, ना अलीकडचं ना पलीकडचं. इथलं घरही आमचं नाही. व्हिसा आहे तोवर आहे, मग खलास. कोणाकोणाचे पासपोर्ट काम देणाऱ्याच्या कपाटात असतात हेही मी ऐकते, आणि अशा माणसांना मी घरी बोलावून जेवू घालते, बाकी माझ्या हातात काही नाही. आठवण येते ती मावशीची. नदीवर काय झालं ते गावात कळलंच असणार, कारण मुकादम महिन्यातून एकदा परत जायचा. झोळीतला भोपळा मालकाला दाखवला असणार. मग तिचं काय झालं ते विचारायला परत जायची सोय आम्हाला नव्हती, आणि जेव्हा झाली तेव्हा त्या घरात दुसरी माणसं होती. त्यांना मावशी असं कोणी ठाऊक नव्हतं.

बोंडूचं तुबलीत गॅरेज आहे, एका बहारीनी माणसाबरोबर भागीत. आता तो स्वतः गाडीखाली जात नाही, पोरांना शिव्या देतो. त्याला त्या ट्रकमधलं काही आठवणं शक्य नाही. पण तो गाडी चालवतो तेव्हा, बाहेर भट्टीसारखं ऊन असलं तरी, काच चार बोटं खाली असते. ईशा ओरडते, "बोंडूआजोबा, ए.सी. ऑन आहे!" तो म्हणतो, "वारा लागतो गं." थंडीतही तोंडावर पांघरूण घेत नाही. दुलईचं नाव काढलं की उठून बसतो. ईशानं प्रोजेक्टसाठी माझ्याकडून ऐकून लिहिलेली ट्रकची गोष्ट त्याला वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ नकाशा बघत होता. मग मला म्हणाला, "बाई, मी खरंच हागलो होतो?"

"हो," मी म्हणाले. "देवीनं."

तो इतका हसला की त्याला खोकला आला, आणि मी त्याच्या पाठीवर चापट मारली.

शुक्रवारी तो इकडे जेवायला येतो. येताना तुबलीच्या खाडीवरून येतो आणि थंडीत तिथं उतरलेले गुलाबी पक्षी मोजल्याशिवाय राहत नाही, आल्या आल्या आकडा सांगतो, आणि आकडा दर वेळी खोटा असतो. जेवण झालं की हॉलमध्ये फरशीवर चादर टाकून झोपतो. पडदे ओढलेले, बाहेर धुळीनं पांढरं झालेलं आभाळ, आणि घरात कापसातल्यासारखी शांतता. मी त्याच्या पायाशी भाजी निवडत बसते. डाव्या पायावरची चादर सरकलेली असते. मी हात पुढं करून अंगठा त्याच्या तळव्यावर ठेवते. तो पाय आखडतो, झोपेतच, आणि परत सोडतो. मग मी भाजीकडे वळते. घर म्हणाल तर माझ्यापाशी तेवढंच आहे.

सरूबाई गेली, माय गेली, मुकादमही गेला. मावशीचं कळलं नाही. त्या ट्रकमध्ये जे होते त्यांच्यातले आता दोघं आहोत, मी आणि बोंडू.